फुकट ऐकू येणाऱ्या रेडिओला दरमहा पैसे का द्यायचे?

प्रश्न असा आला आहे: "चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेत आलो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा गंधही नव्हता. गाडीतल्या रेडिओवर इथलं सार्वजनिक केंद्र लागलं आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तेच ऐकतो. वर्षातून दोन-तीनदा ते आठवडाभर पैसे मागतात. ऐकायला काही पडत नाही, आणि मी दिले नाहीत म्हणून केंद्र बंद पडणार नाही हेही उघड आहे. मग द्यायचे का? दिले तर किती, एकदम की दरमहा? आणि पैशांची इतकी चणचण असेल तर ते कप आणि कापडी पिशव्या कशाला वाटतात?"

अशाच एका केंद्राच्या सभासद विभागात, म्हणजे वर्गणी देणाऱ्या श्रोत्यांचं काम पाहणाऱ्या विभागात, मी एकोणीस वर्षं काम केलं. सुरुवात फोन उचलण्यापासून झाली; शेवटची अकरा वर्षं मासिक सभासदांचं सगळं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: द्या, परवडेल तेवढेच द्या, दरमहा द्या, आणि जमलं तर कार्डाऐवजी बँकेच्या खात्यातून द्या.

आता तुमच्या मुद्द्यावर येते, कारण तो खरा आहे. एफएमचा मनोरा सुरू झाला की ऐकणारे शंभर असोत की लाख, विजेचं बिल तेवढंच येतं. तुम्ही रेडिओ लावलात म्हणून आमचा खर्च वाढत नाही, आणि तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून फक्त तुमचा रेडिओ गप्प करायची सोय आमच्याकडे नाही. दाराशी तिकीट तपासणारा माणूसच नाही. इंटरनेटवर ऐकत असाल तर गणित थोडं वेगळं आहे. तिथे प्रत्येक श्रोत्यामागे थोडा का होईना खर्च वाढतो. शिवाय अमेरिकेच्या कायद्यानुसार एफएमवर ध्वनिमुद्रण वाजवलं तर हक्क शाबूत असलेल्या संगीतकाराला मानधन जातं, वाजवणाऱ्या कलाकाराला नाही. इंटरनेटवर मात्र वादकांना आणि ध्वनिमुद्रण कंपनीलाही द्यावं लागतं. म्हणजे श्रोते फोनकडे वळले की आमचा खर्च वाढतो. तरीही तुमच्या एकट्याच्या ऐकण्याचा भार नगण्यच म्हणायचा. तेव्हा "तुम्ही दिले नाहीत तर उद्या केंद्र बंद" असं कुणी निवेदक सांगत असेल तर तो तुम्हाला उगीच घाबरवतोय. मी आमच्या निवेदकांना ते वाक्य कधीच बोलू दिलं नाही.

दार नसलेल्या घरासाठी वर्गणी कशी मागायची, या कोड्याला अमेरिकेत १९४९ मध्ये एक उत्तर सापडलं. त्या वर्षी १५ एप्रिलला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लुईस हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केपीएफए हे केंद्र सुरू केलं. जाहिराती नाहीत, सरकारचा पैसा नाही, फक्त ऐकणाऱ्यांची वर्गणी. हिल यांचा हिशेब असा होता की ऐकू शकणाऱ्यांपैकी दोन टक्के लोकांनी वर्षाला दहा डॉलर दिले तरी भागेल. पुढच्याच वर्षी पैसे संपले आणि केंद्र बंद पडलं. मग श्रोत्यांनीच वर्गणी गोळा केली आणि १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. हे निव्वळ संगीताचं केंद्र नव्हतं, पण आज आम्ही जे करतो त्याचं मूळ तिथे आहे. मला त्या दोन टक्क्यांत फार मोठा विचार दिसतो. सगळ्यांनी द्यावं अशी हिल यांची अपेक्षाच नव्हती. थोड्यांनी दिलं की सगळ्यांना ऐकता येतं, आणि न देणाऱ्याला त्याबद्दल लाजायचं कारण उरत नाही. आमच्या धंद्यात आजही ढोबळ मोजणी अशी चालते की नेहमी ऐकणाऱ्या दहांत एखादाच देतो. उरलेले नऊ चोर नाहीत. त्यांच्यासाठीच केंद्र आहे.

मग त्या एकाने का द्यायचं? कारण केंद्र एका दिवसात बंद पडत नाही, ते विरळ होत जातं. हे आतून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं. मार्च-एप्रिलात अंदाजपत्रकाच्या बैठका. समोरच्या कागदावर उत्पन्नाचे तीन रकाने असत: नक्की येणारं, बहुधा येणारं, आणि आलं तर आलं. पगार, मनोऱ्याचं भाडं, वीज, संगीताच्या हक्कांचे पैसे हे सगळं पहिल्या रकान्यातून भागवायचं असतं. पहिला रकाना कमी भरला की कात्री लागते, आणि तिचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. सगळ्यात आधी जातं ते गावातल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण. संगीत विद्यालयाच्या सभागृहात चार माइक आणि दोन माणसं पाठवून एक चार वादकांची चौकडी मुद्रित करायची, मग दोन दिवस बसून ती संपादित करायची. हे महाग काम आहे, आणि ते थांबलं तरी हवेत शांतता पसरत नाही. त्या जागी तबकडी वाजते. त्यानंतर जातो स्थानिक कलाकारांच्या मुलाखतींचा तास. त्यानंतर रात्रीचा निवेदक.

रात्रीच्या निवेदकाचं जाणं मी एकदा जवळून पाहिलं. त्याच्या जागी बाहेरून तयार येणारा कार्यक्रम लावतात. क्लासिकल २४ ही १९९५ पासून चालत आलेली सेवा देशभरातली केंद्रं रात्री घेतात. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. निवड चांगली असते, निवेदकही जाणकार असतात. फक्त ते तुमच्या गावात नसतात. बर्फ पडून नदीवरचा पूल बंद झाला तर ते त्यांना ठाऊक नसतं. संध्याकाळी गावातल्या वाद्यवृंदाने शुबर्ट या संगीतकाराची रचना वाजवली म्हणून रात्री त्याचाच दुसरा एखादा तुकडा लावावा, हे त्यांना सुचण्याचं कारण नसतं. श्रोत्याला काही कमी झालं आहे हे कळतही नाही. त्याला एवढंच वाटतं की आताशा रात्री रेडिओ पूर्वीसारखा लागत नाही.

तुमच्या पैशांनी वाचतं ते हे. मनोरा बहुतेक वेळा कुणी ना कुणी वाचवतोच. मनोऱ्याखालची माणसं आणि त्यांचं गावाशी असलेलं नातं मात्र त्या पहिल्या रकान्यावर जगतं. आणि त्या रकान्यात श्रोत्यांच्या पैशांपैकी एकच प्रकार बसतो: दरमहा येणारा.

म्हणून एकदम शंभर की दरमहा दहा, या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे. एकदम शंभर देणारा माणूस पुढच्या वर्षी देईल की नाही हे आम्हाला कळत नाही. तो विसरतो, गाव बदलतो, त्याला पत्र मिळत नाही, फंड ड्राइव्हच्या, म्हणजे रेडिओवरून पैसे मागण्याच्या, आठवड्यात तो सुट्टीवर असतो. त्याला परत आणायला पत्रं, फोन, ईमेल, आणि शेवटी रेडिओवरून विनवणी. त्याचे शंभर डॉलर "बहुधा" या रकान्यात पडतात. दरमहा दहावाला वर्षाला एकशेवीस देतो हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की तो स्वतःहून थांबवेपर्यंत देत राहतो, आणि बहुतेक लोक वर्षानुवर्षं थांबवत नाहीत. असे पुरेसे जमले की मार्चच्या बैठकीत एखादा निवेदक कायम ठेवता येतो.

ज्या फंड ड्राइव्हला तुम्ही कंटाळला आहात तिलाही हाच इलाज लागू पडतो. शास्त्रीय संगीताच्या केंद्राला ही आठवडाभराची मागणी बातम्यांच्या केंद्रापेक्षा जास्त टोचते. बातम्यांच्या मध्ये थांबता येतं. माहलरच्या सिंफनीत मधे थांबून फोन नंबर सांगता येत नाही. सांगायचं असेल तर तासातून तीन-चारदा थांबावं लागतं, म्हणून त्या आठवड्यात लांब रचना बाजूला ठेवून सात-आठ मिनिटांचे तुकडे लावतात. ज्या गोष्टीसाठी लोक आमच्याकडे येतात, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं कुणी मधे बोलणार नाही याची खात्री, तीच आम्ही पैसे मागण्यासाठी मोडतो. मला याचं कायम वाईट वाटत आलं. मासिक सभासद वाढले तसे आम्ही ड्राइव्हचे दिवस कमी करत गेलो. दहा दिवसांची ड्राइव्ह सहा दिवसांवर आली. काही केंद्रं आधीच्या पत्रांतून आणि ईमेलमधून जितके पैसे जमतील तितके तास ड्राइव्हमधून उघडपणे वजा करतात. माझ्या मते पैसे मागण्याची सगळ्यात प्रामाणिक पद्धत ती आहे, कारण दिलेल्या पैशाचं फळ श्रोत्याला त्याच आठवड्यात कानांनी मिळतं.

ड्राइव्हच्या दिवसांतली एक सकाळ सांगते. आमची फोनची खोली म्हणजे एरवी सामानाची खोली. दोन लांब टेबलं, बारा फोन, स्वयंसेवकांसाठी कॉफीचा थर्मास, आणि भिंतीवरचा एक स्पीकर, ज्यावर हवेत काय चाललंय ते हळू आवाजात ऐकू यायचं. पहाटे सहाला कुणीच फोन करत नाही, म्हणून त्या वेळी मी एकटीच बसायचे. पहिला फोन वाजला. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करणारा माणूस होता, पाळी संपवून गाडीत बसला होता. त्याने पैशांचं नावच काढलं नाही. त्याला विचारायचं होतं की चार वाजून वीस मिनिटांनी जे वाजत होतं ते काय होतं. मी रात्रीची यादी काढली. ब्रह्म्स या संगीतकाराचं क्लॅरिनेट पंचक, म्हणजे पाच वादकांची रचना, होतं, दुसरा भाग. त्याने मला नाव लिहून घ्यायला अक्षर-अक्षर सांगायला लावलं. मग म्हणाला, "पाच डॉलर महिन्याला चालतील का? जास्त नाही जमणार." मी चालतील म्हटलं. तो माणूस मी तिथे असेपर्यंत यादीत होता, दर महिन्याच्या पाच तारखेला पाच डॉलर. एखाद्या वर्षी मोठा देणगीदार गेला की माझी झोप उडायची, पण अंदाजपत्रकाचा कागद उघडला की पहिल्या रकान्यात हे पाच-पाच आणि दहा-दहा डॉलर एकाखाली एक उभे असायचे.

आता कार्ड आणि बँकेचं. बाहेरच्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. आमच्याकडे ती रोजची लढाई होती. मासिक सभासद आम्ही सर्वाधिक गमावले ते त्यांचं मन बदललं म्हणून नाही, कार्ड बदललं म्हणून. कार्डाची मुदत संपते, कार्ड हरवतं, बँक फसवणुकीच्या संशयावरून नवा क्रमांक पाठवते, आणि इकडे आमचा व्यवहार नाकारला जातो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर नाकारलेल्या व्यवहारांची यादी यायची. नाव, रक्कम, किती वर्षं देत आहेत, नाकारण्याचं कारण. मी पेन घेऊन एकेकाला फोन करायचे. एकदा एका आजींना फोन लावला. कार्ड सात महिन्यांपूर्वी संपलं होतं. मधल्या काळात आमची तीन पत्रं त्यांनी जाहिरात समजून बाजूला ठेवली होती. त्या इतक्या हळहळल्या की मलाच अपराधी वाटलं. "मी रोज ऐकते आणि मनात म्हणते की यात माझेही पैसे आहेत," त्या म्हणाल्या. सात महिने नव्हते. त्यांनी मागचे सगळे त्याच दिवशी भरले आणि बँकेचा खाते क्रमांक दिला. कार्डाचे नवे तपशील आपोआप आणून देणाऱ्या सेवा आता आहेत, त्यामुळे गळती कमी झाली आहे, पण बँकेचं खातं माणूस सहसा वर्षानुवर्षं बदलत नाही.

दुसरं कारण शुल्काचं. कार्डाच्या व्यवहारावर ठरावीक तीस सेंट आणि वर तीन टक्क्यांच्या आसपास, असं शुल्क सर्रास लागतं. पन्नास डॉलरवर ते जाणवत नाही. पाच डॉलरवर मात्र जवळजवळ पंचेचाळीस सेंट जातात. खात्यातून थेट गेले तर बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी लागतात. लहान रक्कम देणाऱ्याने हे आवर्जून पाहावं, कारण त्याचा प्रत्येक सेंट त्याला जड असतो.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण मनात असेल अशी एक शंका: सरकार देत नाही का? आकाशवाणीवर वाढलेल्या आपल्या लोकांना रेडिओ म्हणजे सरकारचा असंच वाटतं. अमेरिकेत १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग स्थापन झालं आणि त्याच्यामार्फत केंद्रांना संघराज्याचा पैसा मिळत राहिला. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ऑगस्टमध्ये त्या महामंडळाने काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतल्या केंद्रांच्या उत्पन्नात हा वाटा लहान होता. विरळ वस्तीच्या भागातल्या केंद्रांना तो मोठा आधार होता. पण संगीताच्या केंद्रांना बसलेला एक फटका बातम्यांत फारसा आला नाही. संगीताच्या हक्कांचे करार सगळ्या सार्वजनिक केंद्रांच्या वतीने हेच महामंडळ करत असे आणि त्यांचे पैसेही भरत असे. ज्या केंद्रावर चोवीस तास संगीतच वाजतं, त्याला हा भार काय असतो ते सांगायला नको. काही केंद्रं आधीपासून हा पैसा घेतच नव्हती. नॉर्थ कॅरोलायनातलं डब्ल्यूसीपीई १९७८ पासून श्रोत्यांच्या जोरावर उभं आहे.

प्रायोजकांचा पैसा असतो, त्याला अंडररायटिंग म्हणतात. कार्यक्रमाआधी "या कार्यक्रमाला अमुक यांचं सहाय्य" असं ऐकता ते. जाहिरात आणि हे यांत कायद्याने भिंत आहे: किंमत सांगायची नाही, "सर्वोत्तम" म्हणायचं नाही, "आजच या" म्हणायचं नाही. या पैशाचा भरवसा किती ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या उदाहरणावरून पाहा. शनिवार दुपारची त्यांची प्रक्षेपणं १९३१ च्या नाताळात सुरू झाली. १९४० पासून टेक्साको ही तेलकंपनी त्यांची प्रायोजक होती, आणि २००४ मध्ये ते थांबलं. चौसष्ट वर्षं टिकलेलं प्रायोजकत्व, त्याहून पक्कं काय असणार? तरी एका कंपनीच्या एका निर्णयाने ते संपलं. पुढे दुसरे प्रायोजक आणि देणगीदार मिळाले म्हणून कार्यक्रम वाचला. आमच्याकडचं सांगते: आमचे बरेचसे प्रायोजक म्हणजे गावातले वाद्यवृंद, ऑपेरा आणि सभागृहं. २०२० मध्ये सभागृहांना कुलुपं लागली आणि हे उत्पन्न सहा आठवड्यांत आटलं. मासिक सभासद त्या वर्षी कमी झाले नाहीत. घरी बसलेल्या लोकांनी उलट जास्त ऐकलं.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत, आणि मला ती सांगायला आवडतात. न्यू यॉर्कचं डब्ल्यूक्यूएक्सआर हे जाहिरातींवर चालणारं केंद्र होतं, न्यू यॉर्क टाइम्सच्या मालकीचं. २००९ मध्ये ते विकलं गेलं तेव्हा डब्ल्यूएनवायसी या सार्वजनिक केंद्राने ते घेतलं. एफएमवरची ९६.३ ची जागा सोडून १०५.९ वर जावं लागलं, तिथली शक्ती अवघी ६०० वॉट, आणि कडेकडेच्या वस्त्यांतल्या लोकांना ते नीट लागेना. पण शहरातलं शास्त्रीय संगीत हवेत राहिलं, ते श्रोत्यांच्या वर्गणीवर. सिॲटलचं किंग एफएम २०११ मध्ये जाहिराती सोडून श्रोत्यांच्या पैशावर चालू लागलं. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूईटीएची गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. सार्वजनिक केंद्र असूनही २००५ मध्ये त्याने शास्त्रीय संगीत बंद करून बातम्या आणि चर्चा सुरू केल्या. २००७ च्या जानेवारीत शहरातलं जाहिरातींवरचं शास्त्रीय केंद्र बंद झालं, तेव्हा ते पुन्हा संगीताकडे वळलं. परवाना तोच, मनोरा तोच. मधली दोन वर्षं नव्हतं ते फक्त संगीत.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट. बऱ्याच संस्था एकाच छताखाली बातम्यांचं आणि संगीताचं अशी दोन केंद्रं चालवतात. तुम्ही संगीत ऐकता, तर अर्ज भरताना संगीताच्या केंद्राच्या पानावरूनच भरा, आणि कोणतं केंद्र ऐकता असं विचारलं तर तो चौकोन रिकामा सोडू नका. पैसे बहुधा एकाच पेटीत जातात, तरी कुठून किती आले हे मोजलं जातं, आणि कोणतं केंद्र कसं ठेवायचं याच्या चर्चेत तो आकडा टेबलावर असतो.

कप आणि पिशव्या. तुमचा राग मला समजतो, पण त्यांचा खर्च वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो, आणि नव्या माणसाला पहिल्यांदा फोन उचलायला लावण्याचं काम त्या करतात. पिशवी घेऊन बाजारात फिरणारा माणूस आमचं नावही फिरवतो. जुन्या सभासदाला त्यांची गरज नसते. अर्जात "भेटवस्तू नको" असा चौकोन असतोच, तिथे खूण करा. करातही याचा संबंध येतो: पंच्याहत्तर डॉलरपेक्षा जास्त दिले आणि अगदी किरकोळ नसलेली वस्तू घेतली, तर वस्तूची बाजारभावाने किंमत किती ते केंद्राने तुम्हाला लिहून द्यावं लागतं आणि तेवढी वजावट कमी होते. एकशेवीस डॉलर दिलेत आणि चाळीस डॉलरची वस्तू घेतलीत, तर वजावट ऐंशीची. एका वेळी अडीचशे किंवा त्याहून जास्त दिलेत तर केंद्राची लेखी पावती जपून ठेवा. २०२६ पासून ठरावीक सरसकट वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेणाऱ्यांनाही रोख देणग्यांवर वेगळी सूट आहे, एकट्याला १,००० आणि जोडप्याला एकत्र २,००० डॉलरपर्यंत. तुमच्यासारखे नोकरदार बहुधा यातच मोडतात, तेव्हा वर्षअखेरीची पावती ईमेलमधून पुसून टाकू नका.

"आत्ता दिलेत तर दुप्पट होतील" ही घोषणाही ऐकली असेल. पद्धत अशी की काही सभासद आधीच मोठी रक्कम बाजूला ठेवतात आणि श्रोत्यांनी अमुक वेळात तेवढीच जमवली तर ती केंद्राला मिळते. काही ठिकाणी ही अट खरी असते. काही ठिकाणी श्रोत्यांनी जमवली नाही तरी रक्कम येणारच असते, आणि मग ती घोषणा पोकळ ठरते. आमच्याकडे मी अट कागदावर लिहून घेतल्याशिवाय ती वाक्यं हवेत जाऊ दिली नाहीत. यावरून एका देणगीदाराशी माझं वाजलं, पण श्रोत्याला खोटं सांगून मिळवलेले पैसे मला नको होते. तुम्ही फोन करून विचारलंत की "नाही जमले तर काय होतं?", तर सरळ उत्तर मिळायला हवं.

किती द्यायचे याला माझं एकच माप आहे. नोकरीत एखादा वाईट महिना आला तरी जी रक्कम तुम्ही थांबवणार नाही, ती. कुणाची ती पाच असेल, कुणाची चाळीस. उत्साहात पन्नास लावून चौथ्या महिन्यात बंद करणाऱ्यापेक्षा आठ डॉलरवर नऊ वर्षं टिकणारा आम्हाला हवा असतो. वर्षा-दोन वर्षांनी एक-दोन डॉलर वाढवता आले तर वाढवा. भाडं आणि पगार थांबून राहत नाहीत. आणि खरंच अडचण असेल, नोकरी गेली असेल, घरी आजारपण असेल, तर एक फोन करून थांबवा आणि निर्धास्त ऐका. असे फोन घेताना लोक माफी मागायचे. मी त्यांना सांगायचे की इतर लोक तुमच्यासाठीच देत आहेत. त्यांच्या पैशात तुमचं ऐकणं धरलेलं आहे.

शेवटी एक रकाना, जो जवळजवळ सगळे रिकामा सोडतात. अर्जाच्या खाली "काही सांगायचं आहे का?" असं असतं. आमच्याकडे दर शुक्रवारी त्या ओळी छापून संगीत निवडणाऱ्या विभागाकडे जायच्या, आणि त्या खरोखर वाचल्या जायच्या. ब्रह्म्सच्या त्या पंचकाचा दुसरा भाग पहाटेच्या यादीत वर्षातून दोन-तीनदा येत राहिला, तो त्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या एका ओळीमुळे. तेव्हा "छान काम करता" असं लिहू नका. काय ऐकलंत, किती वाजता, आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात, ते लिहा.